त्रिनिदादमध्ये बाहेर खाणं आणि रात्रीचं फिरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, म्हणजे कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या राजधानीत, काही वर्षं राहून परत आल्यापासून मला या बेटाबद्दल सतत विचारणा होते. कोणी नोकरीनिमित्त निघालेलं असतं, कोणी क्रिकेट बघायला, तर कोणी अमेरिकेतल्या लेकीकडे गेल्यावर आठवडाभर तिकडे जाऊन येणार असतं. प्रश्न मात्र बहुतेक खाण्याचे आणि संध्याकाळनंतरच्या वेळेचे असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. दुकानांचे दर आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे त्या इथं दिलेल्या नाहीत.

१. त्रिनिदाद म्हणजे समुद्रकिनारा, रिसॉर्ट आणि माडाखाली मांडलेली टेबलं, असंच ना?

तसं चित्र टोबॅगोत दिसेल (प्रश्न १७). दोन्ही बेटांचा देश एकच, पण स्वभाव वेगळे. त्रिनिदाद व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ११ किलोमीटरवर आहे आणि तेल-वायूच्या पैशावर चालतं. पर्यटक आले काय, न आले काय, पोर्ट ऑफ स्पेनचं फारसं अडत नाही. खाणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी चैन आहे, कारण गाड्या, रोटीची दुकानं, बार हे सगळं तिथल्या लोकांसाठी चालतं आणि चव बिघडली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. रिसॉर्टमध्ये खोली घेऊन तिथंच तिन्ही वेळा जेवायचा बेत असेल, तर या बेटावर जाण्यात अर्थ नाही.

२. तिथं भारतीय जेवण मिळतं असं ऐकलं. आपल्यासारखंच असतं का?

३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' हे जहाज कोलकात्याहून निघालेल्या सव्वादोनशेच्या आसपास गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेल्या, मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. ही वाहतूक १९१७ पर्यंत चालली आणि त्या काळात १ लाख ४० हजारांवर माणसं तिथं गेली. बहुसंख्य आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातली, भोजपुरी बोलणारी. आज देशाच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून थोडे जास्त लोक त्यांचे वंशज आहेत.

भाषा घराघरांतून गेली, पण स्वयंपाकघरातले शब्द राहिले. फोडणी देण्याला 'चंके' करणं म्हणतात, जिऱ्याला 'गीरा', कारल्याला 'कराइली', तव्याला 'तवा'. शब्द ओळखीचे असले तरी चव ओळखीची निघेल असं धरून चालू नका. उसाच्या मळ्यात जे मिळालं त्यात हे जेवण घडलं, त्यात आफ्रिकन, चिनी आणि स्पॅनिश हात लागले, आणि पावणेदोनशे वर्षांत ते स्वतंत्र जेवण झालं. 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य तेवढं विमानतळावर ठेवून जा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

३. सगळे 'लाइम' म्हणतात ते लिंबू की आणखी काही?

लाइम म्हणजे विनाकारण एकत्र जमणं. आपल्याकडे कट्ट्यावर बसतात, तेच. फरक इतकाच की तिथं त्याला वयाची अट नाही. शाळकरी पोरं लाइम करतात, तशा आजीबाईही. शुक्रवारी कचेरी सुटल्यावरचा लाइम असतो, समुद्रावरचा असतो, आणि नदीकाठचा तर खासच: मोठं पातेलं, तीन दगडांची चूल, बदकाची करी आणि दिवसभर पाण्यात पाय.

हा शब्द समजला नाही तर त्रिनिदादची रात्र समजत नाही. 'अमुक ठिकाण बघायचं, मग तमुक ठिकाण' असा कार्यक्रम आखून निघालेला माणूस तिथं कंटाळतो. एका बारबाहेर, फुटपाथवर, हातात बाटली घेऊन दोन तास बोलत उभं राहणं हाच तिथला कार्यक्रम आहे. कोणी 'ये लाइम करायला' म्हणालं तर जा. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरानं गेलात तरी बहुतेक वेळा तुम्हीच पहिले असाल.

४. डबल्स म्हणजे काय आणि ते मागायचे कसे?

दोन मऊ, हळदीनं पिवळ्या झालेल्या, तळलेल्या छोट्या पोळ्या. एकेकीला 'बारा' म्हणतात. त्यांच्यामध्ये रसदार काबुली चणे, वरून काकडी, चिंचेची चटणी, कैरीचा 'कुचेला' आणि 'शॅडो बेनी' नावाच्या पानांची हिरवी चटणी. ही पानं लांबट असतात, वास कोथिंबिरीचा, पण चौपट उग्र. हे सगळं कागदात गुंडाळून हातात देतात. काटा-चमचा मागू नका. कागद उघडायचा, वरचा बारा फाडायचा आणि त्यानंच चणे उचलायचे.

दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमध्ये १९३० च्या दशकात दीन कुटुंबानं याची सुरुवात केली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आधी एकाच बाऱ्यावर चणे मिळत. गिऱ्हाइकं 'डबल कर' म्हणू लागली आणि नाव पडलं. म्हणून एक असला तरी तो 'डबल्स'च. एक डबल, दोन डबल्स असं तिथं कोणी म्हणत नाही.

मागताना आकडा आणि तिखटाचं प्रमाण एका दमात सांगायचं: 'टू, स्लाइट'. म्हणजे दोन द्या, तिखट किंचित. त्याच्यावर 'मीडियम', शेवटी 'प्लेंटी'. अजिबात नको असेल तर 'नो पेपर'. रांगेत मागे कामावर निघालेले लोक असतात, म्हणून आपल्या पाळीला विचार करत उभं राहू नये. अनेक गाड्यांवर खाऊन झाल्यावर पैसे देतात आणि किती खाल्ले हे तुम्हीच सांगायचं असतं. या विश्वासाला धक्का लावू नका. सुटे पैसे जवळ ठेवा.

सकाळी लवकर जाणं उत्तम. चांगल्या गाडीवरचा माल सकाळीच संपतो. रात्रीच्या डबल्सबद्दल प्रश्न १९ मध्ये लिहिलं आहे.

५. रोटीच्या दुकानात गेल्यावर इतके प्रकार. काय घेऊ?

तीन नावं लक्षात ठेवली की पुरे.

'सादा रोटी' ही जाड, फुगलेली, तव्यावरची. ती सकाळची. तिच्याबरोबर 'चोका' घेतात. बैगन चोका म्हणजे आपलं वांग्याचं भरीत: वांगं विस्तवावर भाजलेलं, त्यात लसूण, वरून गरम तेल. टोमॅटोचाही चोका असतो आणि तो मला जास्त आवडतो.

'दालपुरी' करायची रीत पुरणपोळीची, पण सारण तिखटमिठाचं. पिवळी वाटाणाडाळ शिजवून, जिरं घालून कोरडी दळतात आणि पातळ पोळीत भरतात. मग त्या पोळीत भाजी किंवा मटण घालून पाकीट करून देतात. घाईत हेच घ्या.

'बस अप शट' हा पराठा. तव्यावरच दोन लाकडी उलथन्यांनी आपटून आपटून त्याच्या चिंध्या करतात. फाटलेल्या शर्टासारखा दिसतो, म्हणून हे नाव. तो बसून, हातानं, रश्शात बुडवून खायचा असतो. लग्नाकार्यात हाच असतो.

दालपुरी घेताना 'बोनलेस' की हाडांसकट, हे विचारतील. हाडांसकट घेतलीत तर घास जपून घ्या.

६. मी पूर्ण शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. कॅरिबियनमध्ये शाकाहारी माणसासाठी याहून सोपी जागा मला माहीत नाही.

डबल्स शाकाहारी. आलू पाय शाकाहारी, म्हणजे बटाटा भरलेली लांबट तळलेली पुरी. 'फुलौरी' ही डाळीच्या पिठाची भजी, चिंचेच्या किंवा आंब्याच्या चटणीबरोबर. 'सहीना' दिसली की सोडू नका: अळूच्या जातीच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेली. पहिल्या घासाला अळूवडीची आठवण आल्यावाचून राहत नाही. हे सगळं एका ठिकाणी हवं असेल तर दक्षिणेत डेबे गावी जा. तिथं रस्त्याच्या कडेला अशा पदार्थांची दुकानं एका ओळीत आहेत.

रोटीच्या दुकानात चणा-आलू, भोपळा, बोडी (आपल्या चवळीच्या शेंगा), 'भाजी' (तिथं याचा अर्थ पालेभाजी), करी केलेली कैरी, यातलं काही ना काही असतंच. भोपळा गोडसर आणि लसणीचा, बस अप शटबरोबर तो पोटभर खावा. रास्ताफारी पंथाची मंडळी चालवतात त्या 'आयटल' खाण्याच्या जागीही मांस नसतं.

आता धोक्याच्या जागा. 'कॅलालू' म्हणजे अळू-भेंडी-नारळाच्या दुधाचं दाट सार. दिसायला निरुपद्रवी, पण त्यात खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी टाकायची रीत आहे. राजम्यासारख्या उसळीतही ती शेपटी असू शकते. 'आक्रा' भज्यांसारखे दिसतात, आत खारा मासा असतो. 'पेलाउ' हा भात बहुधा कोंबडीचा. आणि काही जणांच्या हिशेबात मासा शाकाहारात बसतो. त्यामुळे नुसतं 'व्हेज' म्हणून थांबू नका, 'मांस नाही, मासे नाहीत, डुकराची शेपटी नाही' असं उलगडून सांगा. कोणी वाईट मानत नाही. घरात कथापूजा असली की आठवडाभर मांस न खाणारे लोक तिथं भरपूर आहेत, आणि त्यांच्या भाषेत त्याला 'फास्टिंग' म्हणतात. मी कित्येकदा 'आय फास्टिंग' एवढंच म्हटलं की दुकानातली बाई स्वतःहून वेगळा डाव घ्यायची.

जैन पद्धतीचं मात्र कठीण आहे. लसूण आणि कांदा जवळजवळ सगळ्यात असतो.

७. आम्ही कोल्हापूरचे. तिखटाची भीती आम्हाला नाही. तरी 'स्लाइट'च सांगायचं?

हो, पहिल्या दिवशी 'स्लाइट'च. तिथली मिरची वेगळ्या कुळातली आहे. गोल, सुरकुतलेली, फळासारख्या वासाची. दक्षिण किनाऱ्यावरच्या मोरुगा गावाचं नाव लावणारी 'मोरुगा स्कॉर्पियन' ही मिरची २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या मिरची संशोधन संस्थेत तपासली, तेव्हा तिचा तिखटपणा २० लाख स्कोव्हिलपर्यंत (हे तिखटपणा मोजायचं एकक) गेला होता. गाडीवरच्या बाटलीत रोज तीच असते असं नाही, पण तिची भावंडं असतात. आपल्या ठेच्याचा जाळ जिभेवर लगेच कळतो. हिचा घास गिळल्यावर चढतो आणि मग उतरत नाही. पाण्यानं काही होत नाही. थंड दूध किंवा सी मॉसचं (एक समुद्री शेवाळ) दुधाळ पेय घ्या.

८. माराकसचं 'बेक अँड शार्क' खावं का?

माराकसला जावंच. पोर्ट ऑफ स्पेनहून उत्तर किनाऱ्याच्या रस्त्यानं तासाभराची वाट आहे, डोंगरातून जाणारी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलानं चागुआरामासचा किनारा ताब्यात घेतला, त्याच्या भरपाईत त्यांनी हा रस्ता बांधून दिला. किनाऱ्यावर टपऱ्या आहेत. 'बेक' म्हणजे भटुऱ्याच्या जवळ जाणारी तळलेली पोळी, तिच्यात तळलेला मासा. मग लांब टेबलावर चटण्या मांडलेल्या असतात: चिंच, लसूण, शॅडो बेनी, अननस, कोबी. आपल्या हातानं हवं तितकं घ्या.

शार्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मी खात नाही. शार्क हळू वाढणारा, उशिरा पिल्लं देणारा मासा आहे, त्यांच्या अनेक जाती संपत चालल्या आहेत, आणि मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी तर टाळावाच. त्याच टपऱ्यांवर किंगफिश, म्हणजे आपल्या सुरमईचा भाऊबंद, घालून बेक मिळतो. 'बेक अँड फिश' मागा. चव चटण्यांची आहे, ती तशीच राहते. शाकाहाऱ्यांना बेकमध्ये नुसत्या भाज्या-चटण्या भरून देतात.

९. व्यवस्थित बसून जेवायला कुठे? आणि रविवारी सगळं बंद का होतं?

बसून जेवायच्या जागा पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागात, विशेषतः अरियापिटा अॅव्हेन्यूवर आणि आसपास एकवटल्या आहेत. क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या भोवतीही आहेत. जेवण लोक आपल्यापेक्षा लवकर घेतात. साडेनऊला निवांत जेवायला निघालात तर स्वयंपाकघर आवरत आलेलं असेल.

रविवारचं दुपारचं जेवण घरचं असतं आणि ते मोठं असतं: मॅकरोनी पाय, कॅलालू, भात, भाजलेली कोंबडी. त्या दिवशी कोणी घरी बोलावलं तर दुसरे सगळे बेत रद्द करा. बोलावलं नाही तर हॉटेलं आधी फोन करून पाहा, कारण बरीच बंद असतात. संध्याकाळी सव्हानाच्या कडेला खाण्याच्या गाड्या लागतात, तिथं नारळपाणीही मिळतं.

१०. बिलावर काय काय लागतं? टीप द्यायची का?

मूल्यवर्धित कर १२.५ टक्के. बसून जेवायच्या हॉटेलात त्यावर बहुधा १० टक्के सेवाशुल्क लावतात. ते लावलं असेल तर वेगळी टीप अपेक्षित नसते. यादीतला भाव करासह की कराशिवाय, हे आधी पाहून घ्या, नाहीतर बिल सव्वापट दिसतं. गाड्यांवर टीप नाही. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर असा हिशेब डोक्यात ठेवा. फलकावर नुसतं डॉलरचं चिन्ह असतं, ते स्थानिक डॉलरचं.

११. रात्री जायचं तर कुठे?

दोन नावं. पहिलं वर आलेलं अरियापिटा अॅव्हेन्यू, ज्याला सगळे नुसतं 'द अॅव्हेन्यू' म्हणतात. बार, क्लब, खाण्याच्या गाड्या, आणि एका जागेतून दुसरीकडे जाणारी गर्दी. शुक्रवार सर्वांत भरलेला. क्लबांना अकराशिवाय रंग येत नाही.

दुसरं सेंट जेम्स, आणि ते मला जास्त जवळचं. वेस्टर्न मेन रोडच्या दोन्ही बाजूंना रात्रभर जाग असते. इथं झगमगाट कमी, रमच्या जुन्या दुकानांत म्हातारे पत्ते खेळत बसलेले. आजूबाजूच्या गल्ल्यांच्या पाट्या वाचा: कलकत्ता, दिल्ली, बॉम्बे, लखनौ, पाटणा. हा भाग एकेकाळी गिरमिटिया मजुरांच्या वस्तीचा होता. मोहरममध्ये ताजियांची 'होसे' मिरवणूक याच रस्त्यावरून निघते आणि तासा नावाचे ढोल सगळ्या जातिधर्मांचे लोक वाजवतात. होसेच्या रात्री हा भाग मेजवानीचा नसतो, भान ठेवून जा.

बारमध्ये दारूबरोबर जे चटपटीत खातात त्याला 'कटर्स' म्हणतात, म्हणजे आपला चखणा. 'गीरा चिकन', 'गीरा पोर्क' हे मुख्य. नावात जिरं आहे आणि ते मनसोक्त असतं.

१२. दारू पीत नाही. हातात काय धरायचं?

'एलएलबी', म्हणजे लेमन, लाइम अँड बिटर्स. गुलाबी, कडसर, थंड. बिटर्स हे त्रिनिदादचंच: अँगोस्टुराचा कारखाना पोर्ट ऑफ स्पेनजवळ लाव्हेंटिलला आहे. हे औषधी अर्काचं मिश्रण डॉ. सिगर्ट यांनी १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी केलं, आणि त्यांच्या मुलांनी पुढे धंदा त्रिनिदादला आणला. एक गोष्ट लक्षात असू द्या: बिटर्समध्येच मद्यार्क असतो. पेल्यात चार-पाच थेंबच पडतात, पण ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी 'नो बिटर्स' सांगावं.

'मॉबी' झाडाच्या सालीचं, आधी गोड आणि मग कडू. काढे प्यायची सवय असलेल्यांना आवडेल. नाताळात 'सॉरेल', लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. ते प्याच. पिणाऱ्यांसाठी कॅरिब आणि स्टॅग या तिथल्या बियर, आणि रम. 'पंचन' नावाची रम मात्र इतकी जहाल असते की पैजेवर पिऊ नये. दारूसाठी वयाची अट आहे, ती जाण्याआधी तपासून घ्या.

१३. नाच येत नाही, क्लब आवडत नाहीत. रात्री मग काय?

पॅनयार्डला जा. कोणी एकच गोष्ट सुचव म्हटलं तर मी हीच सुचवते.

स्टीलपॅन हे वाद्य त्रिनिदादमध्येच, १९३० आणि ४० च्या दशकांत, पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी पत्र्याचे डबे आणि मग तेलाची पिंपं ठोकून घडवलं. इंग्रजांनी ढोल बंद केले होते, त्या कोंडीतून वाट काढत हे घडलं. आज ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिवस आहे. प्रत्येक वाद्यवृंदाचं मोकळं आवार असतं, तेच पॅनयार्ड. कार्निव्हलच्या आधीचे काही आठवडे तिथं रोज रात्री तालीम चालते, पॅनोरामा स्पर्धेसाठी. शंभराच्या आसपास वादक, कोणी शाळेचा गणवेश घातलेलं, कोणी बँकेतून थेट आलेलं, आणि एकच तुकडा दहा वेळा, वीस वेळा. बहुतेक ठिकाणी कोणीही जाऊन बसावं. वुडब्रुकमध्ये फेज टू, ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स. आवारात खाणंपिणं मिळतं, ते तिथंच विकत घ्या, कारण त्यावर वाद्यवृंदाचा खर्च निघतो. तालीम चालू असताना वादकांच्या मधे घुसून फोटो काढू नयेत.

१४. 'फेट', 'कूलर फेट', 'ऑल इन्क्लुझिव्ह' यांत फरक काय? कार्निव्हलला जाताना काय घ्यावं?

फेट म्हणजे तिकीट काढून जायची मोठी मेजवानी: गाणं, नाच, मोकळं मैदान. साध्या फेटमध्ये आत विकत घेऊन खायचं. कूलर फेटमध्ये आपली बर्फाची पेटी आपण भरून न्यायची. ऑल इन्क्लुझिव्हचं तिकीट महाग, पण आत सगळं खाणंपिणं त्यातच. नवख्यानं एकदा शेवटचं करावं, कारण एका रात्रीत बेटावरचे बहुतेक पदार्थ चाखून होतात.

कार्निव्हल म्हणजे राखेच्या बुधवारच्या (अॅश वेन्सडे, ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस) आधीचा सोमवार-मंगळवार. नाताळ संपला की फेटचा हंगाम सुरू होतो. सोमवारी पहाटे, अंधारात, 'जूव्हे' सुरू होतो: चिखल, रंग, तेल अंगाला फासून रस्त्यावर. धुळवडीचा माणूस तिथं लगेच रमतो. जुने कपडे, बांधलेले बूट, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. हे दोन दिवस अधिकृत सुट्टीचे नाहीत, तरी देश बंदच असतो, म्हणून घरात खाण्याचं सामान भरून ठेवा. राहायची जागा कित्येक महिने आधी पाहावी लागते.

१५. सुरक्षित आहे का? बाईमाणसानं एकटीनं रात्री जावं?

खरं सांगायचं तर गुन्हेगारी गंभीर आहे. ३० डिसेंबर २०२४ ला आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये सरकारनं आणीबाणी जाहीर केली होती. निघण्याआधी ताज्या सूचना वाचाच. बराचसा हिंसाचार टोळ्यांमधला आहे आणि काही वस्त्यांत आहे, पण त्या वस्त्या कुठे सुरू होतात हे नवख्याला कळत नाही.

मी पाळलेले नियम: अंधार पडल्यावर पायी लांब जायचं नाही, सव्हाना रात्री एकटीनं ओलांडायचं नाही, दागिने घरी, परतीची गाडी आधी ठरवलेली. टॅक्सीच्या नंबरपाटीचं पहिलं अक्षर 'एच' हवं. 'पी' असलेल्या खाजगी गाड्याही भाडं घेतात, त्यात बसू नका. एकदा घाईत मी बसले होते. काही झालं नाही, पण भलत्याच रस्त्यानं गेलेली ती पंधरा मिनिटं अजून आठवतात. एकटीनं क्लबला जाण्यापेक्षा ओळखीच्या तीन-चार जणांबरोबर लाइम करा. तिथल्या बायकाही तसंच करतात. पुरुष मोकळेपणानं हाका मारतात, शेरे मारतात. न थांबता पुढे जावं. नाचताना नको असेल तर हात आडवा करून मान हलवावी, बहुतेक जण बाजूला होतात.

१६. कपड्यांचं काही बंधन?

एक कायद्याचं आहे आणि ते लोकांना ठाऊक नसतं: लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसानं घालायला त्रिनिदादमध्ये बंदी आहे. लहान मुलाची तशी टोपीसुद्धा घेऊन जाऊ नका. बाकी, क्लबमध्ये पुरुषांना चपला आणि बिनबाह्यांचे बनियन चालत नाहीत. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नये.

१७. टोबॅगोला रात्री काय असतं?

जाताना रविवार गाठा. बकू गावात रविवारी रात्री 'संडे स्कूल' भरतं. धर्माशी संबंध नाही: आधी स्टीलपॅन, मग उशिरापर्यंत रस्त्यावर नाच. दुपारी स्टोअर बेला खेकडा आणि डंपलिंग खा, करी घातलेला. कपडे खराब होणारच. विमानानं अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. बाकीच्या रात्री टोबॅगो लवकर झोपतं.

१८. क्रिकेट बघायला जातोय. मैदानाच्या जवळ खाण्याची सोय?

क्वीन्स पार्क ओव्हल वुडब्रुकमध्येच आहे, प्रश्न ९ आणि ११ मधलं अॅव्हेन्यू तिथून चालत जाण्याइतकं जवळ. आत डबल्स, रोटी, बियर सगळं मिळतं. मराठी माणसाला या मैदानात पाय ठेवल्यावर काय वाटतं ते वेगळं सांगायला नको: मार्च १९७१ मध्ये सुनील गावसकर इथं पहिली कसोटी खेळले, ६५ आणि नाबाद ६७. दिलीप सरदेसाईंनी ११२ केले आणि अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटीत, याच मैदानावर, गावसकरांनी १२४ आणि २२० काढले. शेजारी साठीपुढचे कोणी बसले असतील तर विषय काढून बघा. तुमची बियर तुम्हाला विकत घ्यावी लागणार नाही.

१९. रात्री दोनला भूक लागली तर?

तेव्हाच खरं खाणं सुरू होतं. फेटच्या दाराबाहेर मोठ्या पातेल्यात 'कॉर्न सूप' उकळत असतं: मक्याच्या कणसाचे तुकडे, वाटाणाडाळ, पिठाचे गोळे, शॅडो बेनी. शाकाहाऱ्यांनी डुकराची शेपटी आहे का हे इथंही विचारायचं. सेंट जेम्सला जायरो (पोळीत गुंडाळलेलं मांस) आणि रोटीच्या गाड्या लागलेल्या असतात. आणि पूर्वेकडे कुरेपच्या नाक्यावर रात्रीचे डबल्स.

२०. दिवाळीत गेलो तर वेगळं काही खायला मिळतं?

दिवाळी तिथं राष्ट्रीय सुट्टी आहे. त्याआधी चगुआनास शहरात 'दिवाळी नगर' भरतं, १९८६ पासून. संपूर्ण शाकाहारी, दारू नाही, सगळ्या घरच्या मंडळींना घेऊन जावं असं. 'खुरमा' घ्या, साखरेत घोळवलेल्या शंकरपाळ्यांसारखा. हिंदू घरांत त्या दिवशी ओळखीच्यांनाच काय, परक्यांनाही जेवायला बसवतात. 'सोहारी'च्या मोठ्या हिरव्या पानावर पराठा, भोपळा, चणा-आलू, कैरी, भाजी वाढतात आणि हातानं जेवायचं असतं. पानावर काही टाकू नका. आणि 'ही दिवाळी भारतातल्यासारखी वाटते' असं म्हणण्याऐवजी वाढणाऱ्या आजीला ती मातीचे दिवे कसे लावते ते विचारा. बांबू चिरून, वाकवून त्याच्या कमानींवर ते हजारोंनी मांडतात, आणि संध्याकाळी वाती लावायला पाहुण्याच्याही हातात काडेपेटी देतात.